सॉलिडसवरचा चेहरा: कोरणाऱ्याचा हात आखडला की मुद्दाम एकसारखा ठेवला?

हिशोबी:
395 नंतरच्या रोमन सोन्याच्या नाण्यावरून माणूस गायब झाला, असं माझं मत. कॉन्स्टँटिनोपलचा सॉलिडस, म्हणजे हेच सोन्याचं नाणं, घ्या. शिरस्त्राण, खांद्यावर भाला, ढालीवर शत्रूला लोळवणारा घोडेस्वार, आणि मधे किंचित वळलेला गुळगुळीत चेहरा. सम्राट अर्केडिअस आणि त्याचा भाऊ होनोरिअस यांची नाणी शेजारी ठेवून कडेची अक्षरं झाका, कोण कोणता सांगताच येत नाही. नीरोची दुहेरी हनुवटी कोरणाऱ्या टांकसाळींची ही घसरणच.

ठसेवाला:
असहमत. नाण्यावरची सम्राट ज्युलिअनची दाढी बघा, सम्राट फोकासची टोकदार दाढी बघा. हात आखडला असता तर ती कोरली कुणी?

हिशोबी:
ज्युलिअन 361 ते 363, म्हणजे माझ्या मुद्द्याच्या आधीचा. फोकास (602–610) मान्य, पण मधली दोनशे वर्षं?

काटा-तराजू:
दोघेही वरच बघताय, जरा नाण्याच्या मागच्या बाजूला खाली बघा. सम्राट कॉन्स्टंटाइनने एका रोमन पौंड सोन्यात 72 नाणी बसवली, म्हणजे नगाला जेमतेम साडेचार ग्रॅम. पुढे करात खोटी नाणी शिरू लागली, म्हणून सम्राट व्हॅलेंटिनिअन आणि व्हॅलेन्स यांनी 367 च्या सुमारास करातलं सोनं वितळवून, लगडी करूनच खजिन्यात घ्यायचा नियम केला. नाण्याखालची ‘ओबी’ (OB) ही अक्षरखूण तेव्हाची: शुद्ध केलेलं सोनं. कडा कातरलेल्या नाण्यांवरून तंटे होत, त्यासाठी ज्युलिअनने 363 मध्येच शहरोशहरी अधिकृत तोलणारा नेमायला लावला होता. एका सॉलिडसचे 24 केरातिया, म्हणजे वजनाची छोटी मापं (आपल्या सोनाराचं 24 कॅरेट तिथलंच). आता गंमत बघा: सम्राट जस्टिनिअनने 20 केरातियांचे हलके सॉलिडसही पाडले. चेहरा तोच, फरक फक्त खाली ‘ओबी’पुढे रोमन विसाचा आकडा (XX). चेहरा बघून घेणारा सहावा हिस्सा गमावून बसणार.

हिशोबी:
म्हणजे चेहरा नुसती शोभा? माझंच म्हणणं झालं की.

ठसेवाला:
छे. तो चेहरा माणसाचा नव्हता, पदाचा होता, म्हणून तर त्याची मक्तेदारी. गॉथ राजा थिओडोरिकने अख्खी इटली हाताखाली असताना सोनं पाडलं ते सम्राट अनास्तासिअसच्या नावाने. फ्रँक राजा थ्यूडेबर्टने मात्र सहाव्या शतकात सॉलिडसवर स्वतःचं नाव घातलं. रानटी राजाने सोन्यावर स्वतःची छबी उमटवायची नसते, असं फ्रँकांच्या नाण्यांबद्दल बोलताना त्या काळचा इतिहासकार प्रोकोपिअसने लिहून ठेवलंय. पण ते नाणं बघा: शिरस्त्राण, भाला, ढाल, सगळं सम्राटाचंच. तुम्ही जी अक्षरं झाकायला सांगता, नेमकी तेवढीच त्याने बदलली.