हिरण्यकेशीच्या उगमावर मासा दिसतो, फोटोत मात्र माझीच टोपी

नदीकाठचा मास्तर:
मी गडहिंग्लजचा. जन्मभर हिरण्यकेशीच्या काठावर राहिलो, पण ती निघते कुठून हे बघायला पंचेचाळिशी उलटावी लागली. गेल्या रविवारी आंबोलीला उगमावर गेलो. महादेवाचं देऊळ, गुहेतून येणारं पाणी, दगडी कुंड. पाणी इतकं नितळ की तळाच्या खड्यांवरच्या रेघा दिसाव्यात. खालच्या ओहोळात वीतभर पाण्यात एक पट्टेरी मासा, बोटाच्या दोन पेरांएवढा, दगडाला चिकटल्यासारखा बसलेला.

अठ्ठेचाळीस फोटो काढले. सत्तेचाळिसांत आभाळ, जांभळाची फांदी आणि माझी टोपी. उरलेल्या एकात मासा आहे म्हणे, मला बायकोने दाखवला तेव्हा दिसला. जुना डीएसएलआर, 55-250 ची लेन्स. मुद्दाम सीपीएल फिल्टर (पाण्यावरची चमक कापणारी, लेन्सपुढे फिरवायची काच) घेतला होता. ओणवं होऊन, बरोबर डोक्यावरून नेम धरून तो गरागरा फिरवला, फरक शून्य. पैसे पाण्यात गेले का (इथे अक्षरशः)? शेवटी वैतागून एक पाय ओहोळात टाकला, तर सगळं गढूळ आणि मासा गायब. जाणकारांनी मार्ग दाखवावा.

कातळफूल:
मास्तर, फिल्टर चांगला असणार. तुम्ही उभे चुकीच्या जागी राहिलात.

सरळ वरून बघताना सीपीएल काहीच करत नाही, कितीही फिरवा. पाण्यावरची चमक तो खातो ती तिरक्या नजरेने. कॅमेरा आडव्या रेषेपासून साधारण 37 अंश खाली झुकलेला असला की परिणाम सगळ्यात जास्त. म्हणजे दोन पावलं मागे सरका आणि पुढच्या पाण्याकडे बघा. बदल्यात उजेड जातो, दीड-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), तेव्हा आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, वाढवायला लाजू नका.

पण खरी मेख पुढे आहे. तिरक्या नजरेने पाण्यातून बघितलं की प्रतिमा फाटते. कुंड, दगड, शेवाळ असा मोठा फोटो असेल तर चालून जातं. माशाचे खवले-पट्टे हवे असतील तर चालत नाही, कडा विरघळल्यासारख्या येतात. आणि लोक लेन्सला शिव्या घालतात. मीही दोन पावसाळे घातल्या.

माशासाठी मग परत सरळ वरूनच या, फक्त आभाळ झाका. कशाने? छत्रीने. आजोबांची काळी, लाकडी दांड्याची. फुलाफुलांची नको, फुलं पाण्यात उमटतात. दुसऱ्या माणसाने ती कॅमेऱ्याच्या वर आणि थोडी पुढे धरायची. छत्रीचं काळं प्रतिबिंब पडलं की तेवढ्या तुकड्यात पाणी एकदम उघडतं, खिडकीची काच पुसल्यासारखं. मी सावंतवाडीहून जाते तेव्हा कॅमेरा एक वेळ विसरेन, छत्री नाही. कपडेसुद्धा गडद घाला, पांढरा शर्ट पाण्यात चमकतो.

फोकस एकाच बिंदूवर ठेवा, नाहीतर कॅमेरा पाण्यावर तरंगणारं पान पकडतो.

पाय मात्र पाण्यात नाही म्हणजे नाही. हे मासे तळाला बसून राहणारे, सुळकन हलतात आणि पुन्हा थांबतात. पळाला तर बऱ्याचदा त्याच दगडाखाली परततो. काठावर बूड टेकवा आणि वीस मिनिटं गप्प बसा. बिस्किटाचा चुरा टाकून बोलावणारे बघितलेत मी, कृपा करून ते नको. बाटलीत धरून काचेतून फोटो काढायचंही मनात आणू नका. इथल्याच माशाला 2020 मध्ये शिस्टुरा हिरण्यकेशी असं नाव मिळालं आणि 2021 मध्ये उगमाजवळची 2.11 हेक्टर जागा त्याच्यासाठी जैवविविधता वारसा स्थळ झाली. अर्थात तुम्हाला दिसलेला पट्टेवाला तोच, असं फोटोशिवाय कुणी छातीठोक सांगणार नाही.

जायचं डिसेंबर-जानेवारीत. वरचा जांभा दगड पावसाचं पाणी मुरवून घेतो आणि हळूहळू सोडतो, म्हणून तेव्हाही धार असते आणि रेटा नसतो.

गोठलेला पुणेकर:
छत्रीची युक्ती झकास. मी फ्लोरिडात असतो. इथे क्रिस्टल रिव्हरच्या झऱ्यांत हिवाळ्यात मॅनेटी (पाण्यात राहणारे सस्तन प्राणी) येतात. झऱ्याचं पाणी बारा महिने 22 अंशांच्या आसपास, समुद्र गार पडला की हे भलेमोठे जीव उबेला आत शिरतात. सकाळी पाण्यावर वाफ असते आणि मॅनेटीचं नुसतं नाकाड वर येतं. तिथेही शहाणपण तेच: पाण्यावर पालथं पडून राहायचं, पाय मारायचे नाहीत, तळाला टेकायचं नाही, हात लावायचा नाही. मी पहिल्याच दिवशी पायात चढवलेल्या पोहायच्या पंखांनी तळ ढवळला. पुढचे सगळे फोटो ताकात बुडालेल्या बटाट्यांचे आले.

मास्तर, एसी गाडीतून कॅमेरा उतरवलात की लगेच झाकण काढू नका. पिशवीतच पंधरा मिनिटं राहू द्या, नाहीतर आंबोलीच्या दमट हवेत लेन्सवर दव धरतं.

नदीकाठचा मास्तर:
काल पुन्हा जाऊन आलो. छत्री सासऱ्यांची, धरायला बायको. "लग्नात अंतरपाट धरला होता तेव्हाही एवढा वेळ लागला नव्हता," असं म्हणाली, पण धरली. पहिली दहा मिनिटं एक चिमुकला खेकडाच दगडाआडून एक नांगी बाहेर काढून आमच्याकडे बघत होता. मग मासा आला. त्याच दगडाखालून.

पाच फोटो. चार हलले. पाचव्यात शेपटी कापली गेलीय, पण मोठा करून बघितल्यावर तोंडाजवळच्या मिशा मोजता आल्या. सहा.