स्पिट्सबर्गन मॅरेथॉन (स्वालबार्ड) कोणी पळलंय का? सल्ला हवाय

सिंहगडचा_रविवार:
मंडळी नमस्कार. पुढच्या जूनला पन्नाशी भरतेय आणि डोक्यात एक किडा वळवळतोय. नॉर्वेच्याही वर, ७८ अंश उत्तरेला स्वालबार्ड बेटं आहेत, तिथल्या लाँगइयरब्येन गावात जूनच्या सुरुवातीला मॅरेथॉन असते. आजवर ४ फुल झाल्यात, साताऱ्याची हिल हाफ दरवर्षी, बेस्ट टाइम ४:३८, म्हणजे आपण काही हरीण नाही. बायको पळत नाही पण येणारे. आता शंका: अस्वलं (आई रोज फोनवर तेच विचारते), मे महिन्यात पुण्यात राहून थंडीची तयारी करायची कशी, आणि स्वालबार्डला व्हिसा लागतच नाही असं वाचलं ते खरं का? फुल करू की हाफ हेही सांगा.

ऑस्लोचा_सदाशिवपेठी:
आधी व्हिसा, कारण अस्वलापेक्षा तोच जास्त जणांना खातो. स्वालबार्डला व्हिसा लागत नाही हे खरंय, १९२० च्या स्वालबार्ड कराराचा प्रताप. पण जाणार कुठून? ऑस्लो नाहीतर ट्रोम्सोहूनच ना? म्हणजे नॉर्वेत शिरायला शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा) लागणार. आता गंमत अशी की बेटं नॉर्वेची असली तरी शेंगेनच्या बाहेर, त्यामुळे विमानात बसण्याआधी पासपोर्ट तपासून बाहेर पडल्याची नोंद आणि परत येताना ती दुसरी एंट्री. म्हणून डबल किंवा मल्टिपल एंट्रीच मागायची, फॉर्ममध्ये स्वालबार्ड स्पष्ट लिहायचं. माझ्या आतेभावाला एजंटने सिंगल एंट्री काढून दिली होती, पठ्ठ्या ऑस्लोच्या काउंटरवरून मागे फिरला, चार दिवस आमच्याकडे पोहे खात बसला. हॉटेल, विमान सगळं पाण्यात.

गारठलेली_ठाणेकर:
मी तिथे हाफ पळलेय म्हणून लिहिते. काका, आईंना सांगा की अस्वलाची चिंता आयोजकांना तुमच्यापेक्षा जास्त असते, रूटवर रायफल घेऊन माणसं उभी असतात, पहिल्यांदा बघून मला वॉटर स्टेशनवर पण कोणी बंदूक घेऊन उभंय की काय असं वाटलं. रेस सोडून इतर दिवशी मात्र शहाणपणा करायचा नाही. गावाच्या हद्दीवर अस्वलाचं चित्र असलेली पाटी आहे, तिच्यापुढे 'जरा ५ किमी पाय मोकळे करून येतो' चालत नाही.

मला खरा त्रास दिला तो वाऱ्याने. तेव्हा तापमान शून्य ते पाच असतं, ऐकायला काही नाही, पण दरीतून वारा समोर आला की तोंड वाकडं होतं आणि तोच वारा वळल्यावर पाठीत बसतो तेव्हा अंगातला घाम गार पडतो. पातळ विंडचीटर, हातमोजे, कानावर बफ (नळीसारखा ताणणारा रुमाल), एवढं बास, जाड जॅकेट घालून पळालात तर उकडून मराल. एनर्जी जेल (पळताना खायचं गोड पाकीट) खिशात ठेवलं तर घट्ट होतं, हातमोज्यात सरकवा. तहान लागत नाही म्हणून पाणी टाळू नका, मी टाळलं आणि १७ व्या किमीला पोटऱ्या धरल्या. फिनिशला कोरडे कपडे लगेच हाताशी हवेत, फोटो नंतर.

पुण्यात थंडीची तयारी होणार नाही, नाद सोडा. त्यापेक्षा टेकडीवर खडीच्या रस्त्याने लाँग रन करा, तिकडे सगळा रूट डांबरी नाहीये, आणि बर्फ वितळत असल्यामुळे चिखलही भेटतो.

फुल म्हणजे हाफच्याच लूपच्या दोन फेऱ्या. पहिली फेरी संपवून, हाफवाल्यांना गरम काहीतरी पिताना बघत, परत त्याच वाऱ्यात निघायचं. तुम्ही ठरवा 😄

खडीवाला_दादर:
एवढे पैसे घालून हाफ?? लडाखला जा की, तिथे निदान वरण-भात मिळेल.

गारठलेली_ठाणेकर:
@खडीवाला लडाखला ऑक्सिजन नसतो हो, इथे भरपूर आहे, गाव समुद्राला लागूनच आहे 😛 ज्याची त्याची हौस.

सिंहगडचा_रविवार:
व्हिसाचं वाचून घाम फुटला, आम्ही सिंगलच काढणार होतो! ठाणेकर ताई, झोपेचं काय? आणि खाण्याचं? आणि बायकोने तिकडे करायचं काय?

गारठलेली_ठाणेकर:
सूर्य एप्रिलच्या २० च्या आसपास वर येतो तो ऑगस्टच्या २३ पर्यंत मावळतच नाही, रात्री दोनला खिडकीत भर दुपार. डोळ्यावर पट्टी न्याच. हॉटेलात, म्युझियममध्ये दारातच बूट काढायला लावतात, खाणकामगारांच्या पायाचा कोळसा आत येऊ नये म्हणून पडलेली पद्धत. अगदी घरच्यासारखं वाटतं, फक्त जाड मोजे न्या.

वहिनींना बोटीची ट्रिप बुक करा, बॅरेन्ट्सबर्गची रशियन वस्ती आणि हिमनदी दोन्ही बघून होतात. आपलं, म्हणजे भारताचं, हिमाद्री संशोधन केंद्र तिकडच्याच न्यु-ओलेसुंड वस्तीत आहे, पण तिथे सहज टपकता येत नाही, कुठल्याच दोन गावांमध्ये रस्ताच नाही तिकडे.

हां, आणि सुरय पक्षी (आर्क्टिक टर्न)! गावाजवळ घरटी करतात, जवळून गेलात की थेट टाळूवर चोच. सगळ्यात उंच असेल त्यावर हल्ला करतात, म्हणून हात डोक्याच्या वर धरून पळायचं. माझे निम्मे फोटो शाळेत शिक्षा झाल्यासारखे आलेत.

ऑस्लोचा_सदाशिवपेठी:
खाणं प्रचंड महाग. थेपले, शेंगदाण्याची चिक्की, खजूर आणा, चालतं. दूध आणि दुधाचे पदार्थ भारतातून नॉर्वेत आणायला बंदी आहे, तूपही त्यातच, तेव्हा डिंकाचे लाडू घरीच ठेवा. इन्शुरन्स मात्र नीट घ्या, गावातला दवाखाना छोटा, काही गंभीर झालं तर विमानाने ट्रोम्सोला हलवतात.

सिंहगडचा_रविवार:
घरी वाचून दाखवलं. बायको म्हणाली, 'हाफ पळ, मी फिनिशला कोरडे कपडे घेऊन उभी राहते, दोन फेऱ्या करणार असशील तर कपडे तुझे तू सांभाळ, मी बोटीवर जाते.' तेव्हा हाफ. आईला रायफलवाल्यांचं सांगितलं तर आता ती म्हणतेय, 'बंदुका कशाला लागतात रे तिथे?'