मदत हवी आहे: नुसत्या मल्टीप्लेअर गेमला पूर्ण किंमत मोजावी का?

डिचोलीचो_दामू
५ हजारांचा गेम आहे. स्टोरी मोड (एकट्याने खेळायची गोष्ट) नाही, नुसता मल्टीप्लेअर, म्हणजे इतरांबरोबरच खेळायचा. आम्ही दोघं खेळणार. घेऊ की नको? चतुर्थीच्या सुट्टीआधी ठरवायचंय. 'त्यापेक्षा अभ्यास कर' सोडून काहीही सांगा.

मांडवीकाठ
कुठला गेम? पीसी की पीएस५ (प्लेस्टेशन ५)? नेट कुठलं?

डिचोलीचो_दामू
पीएस५. नाव सांगितलं की इथे लगेच भांडणं लागतात. घेऊ की नको एवढंच सांगा ना.

फोंडा_फायटर
नको. तो काँकॉर्ड गेम आठव, तोही नुसता मल्टीप्लेअर. २३ ऑगस्ट २०२४ ला आला, ६ सप्टेंबरला सर्व्हर बंद, म्हणजे खेळणंच बंद. आपल्याकडे पाच दिवसांचा गणपतीसुद्धा जरा निवांत राहतो.

सांजवेळ
पण त्याचे पैसे सगळ्यांना परत दिले, हेही सांग की. मी २०१६ साली पैसे मोजून ओव्हरवॉच घेतला होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये तो बंद करून दुसरा भाग फुकट दिला. सहा वर्षं रोज रात्री खेळलो, आणखी काय वसूल करायचं?

फोंडा_फायटर
म्हणजे थांबला असतास तर फुकट मिळाला असता!

सांजवेळ
सहा वर्षं थांबून? तू बांगडेपण सुकल्यावरच घेतोस वाटतं.

पेडणेकर_काका
पावसात वीज कडाडली की राउटरची पिन काढून ठेवावी. आमचा गेल्या जूनमध्ये जळला. इन्व्हर्टर असला तरी काढावी.

मांडवीकाठ
काका, तो गेमचं विचारतोय.

पेडणेकर_काका
राउटर जळल्यावर गेम कशावर खेळणार?

मांडवीकाठ
दामू, पीएस प्लस (प्लेस्टेशनची वर्गणी) आहे का? विकतच्या गेममध्ये ऑनलाइन खेळायला ते लागतं. फुकटच्या गेमना लागत नाही. म्हणजे ५ हजार हा नुसता प्रवेश, भाडं वेगळं.

डिचोलीचो_दामू
नाही. लागतं हे कोणी बोललंच नाही.

फोंडा_फायटर
पीसी घे. स्टीमवर (पीसी गेमचं ऑनलाइन दुकान) १४ दिवसांच्या आत, दोन तासांहून कमी खेळलास तर पैसे परत मिळतात.

सांजवेळ
५ हजारांचा प्रश्न, आणि हा ८० हजारांचं उत्तर देतोय. दामू, प्लेस्टेशनच्या स्टोअरवर एकदा डाउनलोड सुरू केलं की नुसतं 'आवडला नाही' म्हणून परतावा मिळत नाही. डिस्क घे, निदान विकता तरी येईल. तुझ्या पीएस५ला डिस्क लागते ना?

मांडवीकाठ
सर्व्हर बंद झाल्यावर ती डिस्क कोण घेणार? द क्रू हा गेम २०१४ चा, ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद. त्यात तर एकट्याने खेळण्यासारखंही बरंच होतं, तरी डिस्क असलेल्यांनाही तो चालवता येईना. दामू, 'आम्ही दोघं' म्हणजे दुसरा कुठे राहतो? त्यालाही वेगळा गेम घ्यावा लागेल.

डिचोलीचो_दामू
कुठे म्हणजे? घरीच. धाकटा भाऊ. एकच टीव्ही, शेजारी बसून खेळणार.

सांजवेळ
अरे बाबा, हे आधी सांगायचं! त्या गेममध्ये स्प्लिट-स्क्रीन (एकाच टीव्हीवर दोघांना अर्धा-अर्धा पडदा) आहे का? पाकिटावर बघ. नुसत्या ऑनलाइन गेममध्ये बहुतेक वेळा नसते. एक खेळेल, दुसरा बघत बसेल.

डिचोलीचो_दामू
दुकानदाराने दुसरा कंट्रोलर घ्यायला लावला. कालच घेतला.

मांडवीकाठ
मग इट टेक्स टू घे. २०२१ चा आहे, एकट्याने खेळताच येत नाही, म्हणजे तोही मल्टीप्लेअरच. पण गोष्ट आहे, शेवट आहे, एका टीव्हीवर दोघं खेळतात, पीएस प्लस लागत नाही. सेलमध्ये बराच उतरतो. अशा गेमला मी पूर्ण किंमतही देईन, सर्व्हरच्या जिवावर असलेल्याला नाही.

फोंडा_फायटर
तो नवराबायकोच्या भांडणाचा गेम आहे. भाऊ-भाऊ काय खेळणार?

सांजवेळ
मी बहिणीबरोबर संपवला. भांडणं खेळताना झाली ती वेगळी.

पेडणेकर_काका
चतुर्थीला घुमटआरत्या सुरू झाल्यावर टीव्ही ऐकू येणार आहे का? गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायला कोणी हवं का विचारा घरी.

डिचोलीचो_दामू
काका, माटोळीचं सामान मीच आणतो दरवर्षी. 😑 स्प्लिट-स्क्रीन नाहीये, आत्ता पाकीट बघितलं.

फोंडा_फायटर
पाकीट बघितलं म्हणजे? घेतलास?

डिचोलीचो_दामू
कंट्रोलरबरोबरच. अजून फोडलेलं नाही. सील असलेलं परत घेतात का हो?