प्रतिसाद: 'नुसता पाठलाग केला, मारलं तर नाही ना?'

वर एकांनी विचारलंय, कुत्रा चिंकाऱ्यामागे नुसता धावला, पकडलं काहीच नाही, मग गुन्हा कसला? वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मधली 'शिकार' या शब्दाची व्याख्या एकदा वाचा. त्यात मारणं तर आहेच, पण कुत्रे मागे लावून पाठलाग करणं, हाकणं, आमिष दाखवणं आणि यातल्या कशाचाही प्रयत्न, हेही येतं. चिंकारा त्याच कायद्याच्या अनुसूची १ मधला, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीतला, म्हणून किमान ३ वर्षं कैद, कमाल ७, शिवाय निदान २५ हजार दंड. साखळी तुटून कुत्रा पळाला तर गोष्ट वेगळी. पण बारामती तालुक्यातल्या सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यालगत 'जरा पळू दे बिचाऱ्याला' म्हणत मुद्दाम मोकळं सोडणाऱ्याची मला अजिबात दया येत नाही.

कुत्र्याने धनगरांच्या मेंढ्या मारल्या तर मात्र त्रांगडं आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ (जनावर सांभाळण्यात हयगय; कमाल ६ महिने कैद, ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही) माणसाच्या जिवाला धोका असेल तेव्हाचं. कलम ३२५ (जनावर मारणं किंवा जायबंदी करणं) ला हेतू किंवा जाणीव सिद्ध करावी लागते. निष्काळजीपणाने मेंढी गेली तर उरतो दिवाणी दावा. तो लढायला तांडा सोडून कोर्टात कोण बसणार? म्हणून बहुतेकदा पारावरच भरपाई ठरते.

आणि कुत्र्याला लस टोचून घ्या हो. डिस्टेंपर हा कुत्र्यांचा संसर्गजन्य आजार लांडग्यांनाही होतो.