चाकणला क्वालिटी इंजिनीअरचा इंटरव्ह्यू: सगळ्यांचे रेझ्युमे सारखेच, मग वेगळं दिसायचं कसं?

नटबोल्ट
डिप्लोमा मेकॅनिकल, भोसरीत सीएनसी मशीनिंगच्या युनिटमध्ये तीन वर्षं, इनप्रोसेस आणि फायनल इन्स्पेक्शन. पुढच्या आठवड्यात चाकणला एका टिअर-१ कंपनीत (गाडी कंपनीला थेट पार्ट पुरवणारी) क्वालिटी इंजिनीअरसाठी बोलावलंय. येणाऱ्या सगळ्यांच्या रेझ्युमेवर तेच असणार: ७ क्यूसी टूल्स, एसपीसी (आकडेवारीने प्रोसेसवर नजर), एमएसए (मोजमाप पद्धतीची तपासणी), पीपीएपी (पार्टच्या मंजुरीचे कागद), ८डी (तक्रार सोडवायची आठ टप्प्यांची पद्धत). अनुभवही दोन ते चार वर्षं. यातून पॅनेलच्या लक्षात राहायचं तर नेमकी कशाची तयारी करू? "आत्मविश्वासाने बोला, हसतमुख राहा" हे व्हिडिओंमध्ये भरपूर ऐकलं, त्याच्या पुढचं हवंय. आणि आपल्या कामाची फाईल सोबत न्यावी का?

मापाडी
एक पार्ट निवडा. एकच. आणि त्यावर अर्धा तास कोणीही उलटसुलट विचारलं तरी अडणार नाही इतका तयार करा. बाकीचे दहा टूल्सची नावं घेतील आणि दुसऱ्या प्रश्नाला गप्प होतील. फरक तिथे पडतो.

समजा तुमच्या पार्टला २५ एच७ चा बोअर आहे (२५ मिमीचं भोक, एच७ हा टॉलरन्सचा वर्ग). म्हणजे २५.००० ते २५.०२१, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) २१ मायक्रॉन, म्हणजे मिमीचे २१ हजारांश. "एसपीसी येतं का?" असं विचारल्यावर व्याख्या सांगत बसू नका, कागद ओढा आणि लिहा: सरासरी २५.०१४, सिग्मा (रीडिंगची पसरण) ०.००२. सीपी, म्हणजे टॉलरन्स भागिले सहा सिग्मा = ०.०२१ भागिले ०.०१२ = १.७५. वरच्या बाजूने (२५.०२१ − २५.०१४) भागिले तीन सिग्मा, म्हणजे ०.००६ = १.१७, खालच्या बाजूने २.३३. लहान आकडा धरायचा, म्हणून सीपीके १.१७.

आता खरी गंमत. सीपी चांगला आणि सीपीके कमी म्हणजे मशीनचा दोष नाही, सरासरी सरकली आहे. मध्य २५.०१०५ ला आहे, आपण साडेतीन मायक्रॉन वर. एक्स ऑफसेट (मशीनमध्ये भरायची टूलची दुरुस्ती) डायमीटरमध्ये असेल तर ०.००४ ने मायनस करा, सरासरी २५.०१० ला येते आणि सीपीके १.६७ होतो. मशीन दुरुस्ती नाही, नवीन टूलिंग नाही. हे तोंडाने नाही, कागदावर करून दाखवलं की पॅनेलमधला प्रॉडक्शनवाला मान वर करतो. आकडे अर्थात तुमच्याच पार्टचे घ्या, माझे पाठ करू नका.

यानंतरचा प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो: "हे मोजलं कशाने?" इथे व्हर्निअर म्हणालात की खेळ संपला. २१ मायक्रॉनचा टॉलरन्स आणि व्हर्निअरचा लीस्ट काउंट २० मायक्रॉन! ढोबळ नियम टॉलरन्सच्या एक दशांशाचा, म्हणजे इथे दोन मायक्रॉन किंवा त्याहून बारीक. ०.००१ डायलचं बोअर गेज, किंवा एअर गेज. सेटिंग रिंगवर (ठरलेल्या मापाची मास्टर रिंग) झिरो किती पार्टनंतर तपासता हेही तयार ठेवा.

त्याच दमात आणखी एक: पार्ट मशीनवरून गरम निघाला की लगेच मोजायचा नाही. स्टील दर अंशाला मीटरमागे सुमारे ११.५ मायक्रॉन वाढतं. २५ मिमीच्या बोअरला १० अंशांचा फरक म्हणजे जवळपास तीन मायक्रॉन. बोअर मोठा दिसतो, ऑपरेटर ऑफसेट कमी करतो, गार झाल्यावर पार्ट खालच्या मर्यादेकडे सरकलेला. हे फार कमी जण आपणहून बोलतात.

तिसरी_शिफ्ट
वरचं सगळं मान्य. पण टिअर-१ मध्ये सगळ्यात जास्त घासून घेतात ते ८डी वर, कारण रोजचं काम तेच आहे. आणि तिथे दहातले आठ एकच उत्तर देतात: "रूट कॉज, ऑपरेटरचं दुर्लक्ष. अ‍ॅक्शन, ट्रेनिंग दिलं." हे ऐकून पॅनेलचे कान किटलेले असतात.

रूट कॉज दोन सांगायचे. दोष झाला का, आणि झाला तर आपल्याकडून सुटला कसा. उदाहरण घ्या: एक भोक न पडलेला पार्ट कस्टमरकडे गेला. झाला का? सायकलमध्ये ड्रिल तुटलं, मशीनला कळलंच नाही, पुढचे पार्ट भोकाशिवाय निघत गेले. सुटला कसा? फायनलला नुसती नजरेने तपासणी होती आणि चांगले पार्ट त्याच ट्रेमध्ये होते. दोन कारणं, दोन वेगळ्या अ‍ॅक्शन: मशीनला टूल ब्रेकेज डिटेक्शन, आणि पुढच्या ऑपरेशनच्या फिक्श्चरला पिन, म्हणजे भोक नसेल तर पार्ट बसणारच नाही. पोकायोके (चूक पुढे जाऊच न देणारी सोय) असा पार्टसकट सांगा, नुसता शब्द नको.

कन्टेनमेंटमध्ये (खराब माल शोधून अडवणं) चार जागा आठवणीने घ्या: कस्टमरच्या लाईनवर, वाटेत गाडीत, आपल्या एफजी (तयार मालाच्या) स्टोअरमध्ये आणि शॉपवर डब्ल्यूआयपीत (अर्धवट झालेल्या मालात). प्रत्येक जागी किती तपासले, किती सापडले. वाटेतला माल बहुतेक जण विसरतात, आणि पुढची तक्रार नेमकी त्याच मालाची येते.

मग एफएमईए (काय बिघडू शकतं आणि त्याचा धोका किती, याचा तक्ता). सापळा असा: "पिन बसवल्यावर सिव्हिरिटी किती कमी झाली?" काहीही नाही. पिनमुळे डिटेक्शन सुधारतं, टूल ब्रेकेज सेन्सिंगमुळे खराब पार्टांची साखळी तुटते, पण भोक नसण्याचा परिणाम तितकाच गंभीर राहतो. तो डिझाईन बदलल्याशिवाय हलत नाही. आणि "आरपीएन १०० च्या वर गेला तर अ‍ॅक्शन" असं ठासून सांगू नका (आरपीएन म्हणजे सिव्हिरिटी, ऑकरन्स आणि डिटेक्शनच्या गुणांचा गुणाकार). २०१९ च्या एआयएजी-व्हीडीए (अमेरिकी आणि जर्मन वाहन उद्योग संघटनांच्या) हँडबुकमध्ये आरपीएनच्या जागी अ‍ॅक्शन प्रायॉरिटी आली: हाय, मीडियम, लो. तुमच्याकडे अजून जुना फॉरमॅट चालत असेल तर तसं सांगा, लाजायचं कारण नाही. फक्त दोन्हीतला फरक माहीत हवा.

गेजब्लॉक
काही ठिकाणी टेबलावर मायक्रोमीटर आणि एखादा पिन ठेवतात, "मोजा" म्हणतात. वाचन कोणालाही येतं: स्लीव्हवर ५.५, थिंबलवर २८, म्हणजे ५.७८. पॅनेल वाचन बघत नसतं, हात बघत असतं. आधी दोन्ही फेस स्वच्छ कापडाने किंवा कागदाने पुसा, बंद करून झिरो बघा. बंद असताना ०.०२ दाखवत असेल तर शेवटच्या वाचनातून तेवढं वजा. कॅलिब्रेशनचं स्टिकर बघा, तारीख उलटली असेल तर मोठ्याने सांगा (कधी कधी मुद्दाम जुनं ठेवतात). रॅचेटने फिरवा, थिंबलने आवळू नका. पिन दोन-तीन ठिकाणी आणि ९० अंश फिरवून मोजा, मग आकडा द्या. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पण ज्याने ते केलं त्याने रोज केलंय हे समोरच्याला लगेच कळतं.

एमएसए वर "गेज आरअँडआर १० टक्क्यांच्या आत पास, १० ते ३० परिस्थितीनुसार, ३० च्या वर नापास" हे सगळे म्हणतात (मापांतल्या एकूण फरकात गेजचा आणि मोजणाऱ्याचा वाटा). पुढचं सांगा. दहा पार्ट, तीन ऑपरेटर, तीन फेऱ्या, ९० रीडिंग. दहा पार्ट मशीनवरून ओळीने उचलले तर ते एकमेकांसारखेच असतात, पार्टमधला फरक कमी पडतो आणि एकूण व्हेरिएशनच्या तुलनेत चांगलं गेजही नापास दिसतं. म्हणून वेगवेगळ्या शिफ्टचे, वेगवेगळ्या सेटिंगचे घ्यायचे. पार्टला नंबर घाला, पण ऑपरेटरला दिसणार नाही असा. एनडीसी (गेजला पार्टांचे किती वेगळे गट ओळखता येतात तो आकडा) ५ किंवा जास्त हवा.

नटबोल्ट
धन्यवाद, हे कामाचं आहे. एक अडचण. आमच्याकडे सीपीके एक्सेल शीट काढते, मी फक्त रीडिंग भरतो. "स्वतः काढता का" विचारलं तर काय सांगू? आणि फाईलचं राहिलंच.

मापाडी
"शीटमध्ये भरतो" हेच सांगा, आणि लगेच शीट आत काय करते ते सांगा. पाच-पाचचे सबग्रुप असतील तर रेंजची (सबग्रुपमधलं सर्वात मोठं वजा सर्वात लहान) सरासरी भागिले २.३२६ म्हणजे सिग्मा. रेंजची सरासरी ०.००४७ आली तर सिग्मा ०.००२. सीपीकेला हा आतला सिग्मा, पीपीकेला सगळ्या रीडिंगचा एकत्र सिग्मा. सीपीके चांगला आणि पीपीके पडलेला असेल तर प्रोसेस काळानुसार सरकते आहे: इन्सर्टची (टूलच्या कापणाऱ्या तुकड्याची) झीज, शिफ्ट बदल, सेटिंग. आज रात्री शीटमधले एखाद्या जुन्या पार्टचे २५ सबग्रुप हाताने करून बघा, दीड-दोन तास लागतील. एकदा हाताने केलं की पुढे कुठेही विचारलं तरी अडत नाही.

फाईल नको. कस्टमरचं ड्रॉइंग, पीपीएपीचे कागद, पेन ड्राइव्ह, काहीच नाही. पलीकडच्या माणसाच्या डोक्यात पहिला विचार हाच येतो की उद्या आमचे कागदही असेच बाहेर जातील.

तिसरी_शिफ्ट
फाईल नको हे बरोबर, पण रिकाम्या हातानेही जाऊ नका असं माझं मत. एक ए४ कागद, हाताने काढलेला. डावीकडे पार्टचा साधा स्केच, कस्टमरचं नाव नाही, पार्ट नंबर नाही, दोन-तीन महत्त्वाची मापं, तीही बदललेली चालतील. उजवीकडे प्रोसेस फ्लो आणि प्रत्येक टप्प्यावर काय, कशाने, किती वेळाने तपासता. बोलता बोलता समोर सरकवायचा. पॅनेल त्यावरूनच प्रश्न विचारायला लागतं, म्हणजे प्रश्न तुमच्या अंगणात येतात.

मापाडी
मापं बदललेली असतील तर तसं आधीच सांगून टाका. नाहीतर पुढच्या प्रश्नाला आकडे जुळत नाहीत आणि थाप मारल्यासारखं दिसतं.

शिफ्ट_इन्चार्ज
शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय?" म्हणतात तेव्हा "नाही सर" म्हणू नका. विचारा: सध्या कस्टमर पीपीएम (दहा लाखांमागे खराब पार्ट) किती, लाईन रिजेक्शनमध्ये पहिल्या नंबरला कोणता दोष, हे पद इनकमिंगचं की लाईनचं की कस्टमर एंडचं. पीपीएमचा हिशोब तयार हवा, उलट विचारतात: ४८,००० पार्टांत १२ परत आले तर २५०.

एचआरशी बोलताना सीटीसी आणि हातात पडणारा पगार वेगळा सांगा, नोटीस पिरियड ऑफर लेटरमध्ये बघून सांगा. अंदाजे "एक महिना" म्हणून नंतर दोन महिने निघाले की चांगला झालेला इंटरव्ह्यूही लटकतो. शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिप बरोबर ठेवा.

आणि वेळ. नाशिक रोडने येणार असाल तर तळेगाव चौकात शिफ्ट सुटायच्या वेळी काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे, वर गेटवर ओळखपत्र आणि पासची रांग. पाऊण तास हातात ठेवून निघा. बूट बंद घाला, सँडलवर बऱ्याच ठिकाणी शॉपवर सोडत नाहीत. साधा कॅल्क्युलेटर खिशात टाका, मोबाईल गेटवर ठेवून घेतला तर ०.०२१ भागिले ०.०१२ तोंडी करत बसावं लागेल.