बी.एस्सी.नंतर अर्ज कुठे करावेत: सोलापूरच्या विद्यार्थ्याने पुण्यापलीकडे पाहावे का?

मूळ लेखन (जुळे सोलापूर)

माझी पुतणी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षात आहे. सोलापुरातील अनेक घरांप्रमाणे आमच्याही घरात पुढचा विचार 'मिळाले तर पुणे, नाहीतर इथेच' यापलीकडे जात नाही. ही पद्धत मला चुकीची वाटते.

अंतराचे म्हणाल, तर पुणे २५० किलोमीटरवर आणि हैदराबाद सुमारे ३०० किलोमीटरवर आहे. २००९ मध्ये स्थापन झालेले कर्नाटक केंद्रीय विद्यापीठ तर अक्कलकोट-आळंद मार्गावर कडगंचीला, म्हणजे पुण्याच्या निम्म्याहूनही कमी अंतरावर आहे. आपल्या पूर्व भागातील कितीतरी तेलुगू भाषक कुटुंबांचे नातेवाईक हैदराबादला असतात. तरीही १९७४ मध्ये स्थापन झालेल्या हैदराबाद विद्यापीठाचे नाव आपल्या मुलांच्या यादीत क्वचितच येते.

माझा मुख्य मुद्दा मात्र वेगळा आहे. एम.एस्सी.ची दोन वर्षे विद्यार्थी एका विभागात काढतो, त्यामुळे यादी करताना शहराचे आकर्षण आणि क्रमवारीतील स्थान बाजूला ठेवून त्या विभागाचीच चौकशी करावी. पूर्णवेळ प्राध्यापक किती आहेत, तासिका तत्त्वावर किती काम चालते, गेल्या काही वर्षांत तिथून कोणत्या विषयांवर शोधनिबंध निघाले, हे संकेतस्थळावरून बरेचसे कळते. दुसऱ्या वर्षाच्या प्रकल्पात विद्यार्थ्याला उपकरणावर स्वतः बसायला मिळते, की नमुना बाहेर पाठवून परत आलेला आलेख नुसता प्रबंधाला जोडावा लागतो, हे मात्र तिथे शिकणाऱ्या मुलांना फोन करूनच विचारावे लागते आणि माझ्या मते सर्वांत मोलाची माहिती हीच असते.

शिवाय निकालाची वाट पाहून चालत नाही. आयआयटी आणि आयआयएस्सीसाठीच्या जॅम परीक्षेचे अर्ज सप्टेंबरच्या सुमारास सुरू होतात आणि परीक्षा फेब्रुवारीत असते. केंद्रीय विद्यापीठांची सीयूईटी-पीजी ही सामाईक प्रवेश परीक्षा अलीकडे मार्चमध्ये होते. सहाव्या सत्राचा निकाल हाती आल्यावर जो विचार करायला बसतो, त्याच्यापुढे खरोखरच पुणे आणि सोलापूर एवढेच उरते.

उत्तर १ (पालक, अक्कलकोट रस्ता)

आपले म्हणणे मला पटत नाही. सीयूईटीचे शुल्क भरायचे, मग प्रत्येक विद्यापीठाच्या संकेतस्थळावर वेगळी नोंदणी करून पुन्हा पैसे भरायचे, आणि एवढे करूनही वसतिगृह मिळेल याची खात्री नाही. ज्यांच्या घरी एकाच्या पगारावर सगळे चालते, त्यांनी यादी लहान ठेवण्यातच शहाणपण आहे. कडगंची नकाशावर जवळ दिसते हे खरे, परंतु ते कलबुर्गी शहरापासून बरेच बाहेर आहे. पुण्याहून मुलगी हुतात्मा एक्सप्रेसने चार-साडेचार तासांत घरी येते.

नोकरीचाही विचार करा. रसायनशास्त्राच्या मुलांना काम मिळते ते चिंचोळी आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींत, आणि या दोन्ही पुणे रस्त्यावरच आहेत. जिथे नोकरी शोधायची आहे, त्याच पट्ट्यात शिक्षण घेतले तर ओळखी होतात आणि त्या ओळखींचा उपयोग होतो.

उत्तर २ (अध्यापक, रसायनशास्त्र)

मूळ लेखकाने विभाग पाहण्याची कसोटी सांगितली ती योग्यच आहे, मात्र ती सोलापूरला लावण्याआधीच त्यांनी हैदराबादचा रस्ता धरला आहे. २००४ पूर्वी आपली महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. एका जिल्ह्यासाठी स्वतंत्र विद्यापीठ झाले ते इथल्या मुलांना घरी राहून पदव्युत्तर शिक्षण घेता यावे याचसाठी, आणि पुण्यातील खोलीचे भाडे व खानावळ यांचा हिशेब मांडला की त्याचे महत्त्व ध्यानात येते. केगावला, म्हणजे सोलापूर विद्यापीठाच्या आवारात, आज रसायनशास्त्राचे स्वतंत्र संकुल आहे आणि राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही केगावातच आहे, म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला संशोधन पाहायला दूर जावे लागत नाही.

नेट, सेट किंवा गेट या पात्रता परीक्षा देताना एम.एस्सी. कुठून केली हे गुणांत मोजले जात नाही. दरवर्षी वर्गातील पहिली पाच-सहा मुले बाहेर गेली, तर मागे राहिलेल्यांना बरोबरीने अभ्यास करणारे सोबती मिळत नाहीत, आणि याचा परिणाम आम्ही वर्गात रोज पाहतो.

उत्तर ३ (मूळची सोलापूरची, हैदराबादला शिकलेली)

बाहेर अर्ज करणाऱ्यांनी जातीच्या दाखल्याकडे आधी लक्ष द्यावे, कारण ऐन प्रवेशाच्या वेळी मुले तिथेच अडकतात. राज्याच्या प्रवेशासाठी काढलेले नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र केंद्रीय विद्यापीठात चालत नाही. तिथे केंद्र सरकारच्या नमुन्यातील आणि चालू आर्थिक वर्षाचे ओबीसी प्रमाणपत्र लागते. आपल्याकडचे एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) आणि व्हीजे-एनटी (विमुक्त जाती-भटक्या जमाती) हे प्रवर्ग केंद्रात वेगळे नाहीत, त्यामुळे आपली जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का हे तपासावे. एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) प्रवर्ग केंद्रात नाही. त्या विद्यार्थ्यांनी अटींत बसत असल्यास केंद्राच्या नमुन्यातील ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) दाखला काढावा. तहसील कार्यालयातील गर्दी लक्षात घेता हे काम एप्रिलमध्येच हाती घ्यावे.

मूळ लेखक

ताई, ही माहिती आमच्या फार उपयोगाची आहे, मनापासून आभार.

पालकांना एवढेच सांगेन की सीयूईटीचे गुण अनेक विद्यापीठांना चालतात. परीक्षा एकदा द्यावी लागते, आणि विद्यापीठाची नोंदणी निकालानंतर, गुण पाहून, जिथे खरोखर संधी आहे तिथेच करता येते. त्यामुळे आपण समजता तेवढा खर्च वाढत नाही. चिंचोळी-कुरकुंभचा मुद्दा मात्र मान्य आहे, ज्याला एम.एस्सी.नंतर लगेच नोकरीच करायची आहे, त्याने पुणे वर ठेवावे. माझ्या पुतणीला संशोधनात जायचे आहे.

सर, केगावचे नाव यादीत असेलच आणि त्याला तीच कसोटी लावू. परंतु जिल्ह्यातील विभागांचा दर्जा टिकवण्याची जबाबदारी वीस-एकवीस वर्षांच्या मुलीवर टाकणे मला अन्यायाचे वाटते. प्राध्यापकांची पदे भरणे आणि उपकरणांना निधी देणे हे शासनाचे काम आहे.

पालक, अक्कलकोट रस्ता

परीक्षा द्यायला माझी हरकत नाही. तरीही तीनपेक्षा अधिक नोंदण्या मी करू देणार नाही, आणि वसतिगृहाचे लेखी पत्र आल्याखेरीज मुलीला पाठवणार नाही.

अध्यापक, रसायनशास्त्र

शासनाने पदे भरलीच पाहिजेत, यात दुमत नाही. पण ती भरली गेली तरी वर्गात शिकायला हुशार मुले लागतातच, म्हणून माझे मत कायम आहे. पुतणीला प्रात्यक्षिकाच्या दिवशी केगावला घेऊन या. दुसऱ्या वर्षाच्या मुलांशी तिला एकटीला बोलू द्या, आम्ही कोणी तिथे थांबणार नाही.