शब्दचर्चा : ‘शेवाळ’ आणि खाऱ्या टाकीतले निंदण

मूळ प्रश्न (दर्यापूर तालुका, जि. अमरावती)

आमचे गाव खारपाणपट्ट्यात आहे. माझ्या पुतण्याने दोन वर्षांपासून घरात समुद्री पाण्याची काचेची टाकी ठेवली आहे आणि तीत मऊ जातीचे प्रवाळ व दोन-चार मासे आहेत. ‘विहिरीले एवढं खारं पानी असताना मिठाच्या पुड्या इकत कायले आनता बाप्पा?’ हा प्रश्न गावात आम्हाला इतक्या वेळा विचारला गेला आहे की त्याचे उत्तर आता पाठ झाले आहे. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यांचे आपसातले प्रमाण ठरलेले असते. आमच्या विहिरीचे पाणी मचूळ आहे, पण ते समुद्राचे नव्हे, आणि त्यातला नायट्रेट तर टाकीला नकोच असतो.

प्रश्न मात्र पाण्याचा नसून शब्दाचा आहे. पुतण्यासाठी मी या टाकीची देखभाल मराठीत लिहून काढत होतो. ‘शेवाळ झाल्यास काय करावे’ असे शीर्षक देऊन खाली लिहिले की खाद्य कमी करावे, पाणी बदलावे आणि फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे गाळणीत घालावेत. गेल्या दिवाळीत वाळूवर तपकिरी, बुडबुडे धरलेले, लोंबणारे काहीतरी आले. आम्ही दोघांनीही त्याला शेवाळ म्हटले आणि माझ्या टिपणाबरहुकूम सगळे केले. पंधरा दिवसांत ते दुप्पट झाले आणि गोगलगायी उलट्या पडून मेल्या. नंतर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर कळले की ते डायनोफ्लॅजेलेट, म्हणजे एक प्रकारचे एकपेशीय सूक्ष्मजीव होते. पाण्यातला नायट्रेट आणि फॉस्फेट जवळजवळ शून्यावर आला, की इतर जीव मागे पडतात आणि हे माजतात. त्यांच्यातल्या काही जाती विषारीही असतात. म्हणजे ज्याला उपाशी ठेवून मारायला निघालो होतो, त्याच्यासाठी आम्ही रान मोकळे करून दिले होते.

म्हणून जाणकारांना तीन गोष्टी विचारतो. शेवाळ, शेवाळे, शैवाल आणि शैवल यांत फरक काय? टाकीत जे नको आहे तेवढ्यालाच लागू पडेल असा मराठी शब्द आहे काय? आणि या निरनिराळ्या उपद्रवांना वेगळी, बोलीत रुळतील अशी नावे देता येतील काय?

उत्तर १ (निवृत्त मराठी शिक्षक, मूर्तिजापूर)

पहिल्या प्रश्नापुरते लिहितो. संस्कृतात शैवल आणि शैवाल अशी दोन्ही रूपे आहेत, आणि मराठीत त्यांतून शेवाळ आले. शेवाळ आणि शेवाळे ही दोन्ही रूपे नपुंसकलिंगी असून अर्थात भेद नाही, पण विभक्ती लावताना सामान्यरूप बदलते: शेवाळाने काच झाकली, शेवाळ्याने काच झाकली. आपल्या टिपणात दोन्ही मिसळली असावीत असे मला वाटते, कारण बहुतेकांची मिसळतात. एक धरून चालावे. ‘शेवाळणे’ हे क्रियापदही आपल्याकडे आहे आणि ते फार कामाचे आहे. ‘टाकीला शेवाळ झाले’ म्हणण्यापेक्षा ‘काच शेवाळली’ म्हटले, की ते नेमके कुठे धरले आहे तेही त्यातच येते.

‘शैवल’ हा शब्द शास्त्रीय लेखनाने पुन्हा संस्कृतातून उचलला आणि एका मोठ्या वर्गाला दिला. त्या वर्गात डोळ्यांना न दिसणाऱ्या एकपेशीय जीवांपासून समुद्रातल्या कित्येक मीटर लांब पट्ट्यांपर्यंत सगळे येते. शेवाळ हे मात्र पायरीवर पाय घसरवते ते. तेव्हा वर्गाला शैवल आणि खरवडून काढायच्या हिरव्या थराला शेवाळ, एवढा भेद पाळला तरी निम्मा घोळ मिटेल. लक्षात घ्यावे की पावसाळ्यात कौलांवर आणि भिंतींवर उगवणाऱ्या मखमली हिरवळीलाही आपण शेवाळच म्हणतो, आणि वनस्पतिशास्त्रात तिचा गट अगदीच वेगळा आहे.

उत्तर २ (धान उत्पादक, अर्जुनी मोरगाव तालुका, जि. गोंदिया)

सर, आमच्या भागात हिंदीचा शेजार असल्यामुळे ‘काई’ हा शब्दही घरोघरी चालतो. पण मला दुसरेच सांगायचे आहे. आमच्याकडे ‘निळे-हिरवे शेवाळ’ हे खताचे नाव आहे. धानाच्या बांधीत पाणी साचलेले असताना ते हवेतला नत्र बांधून पिकाला देते, आणि भातखाचरातली ही क्रिया पी. के. डे यांनी १९३९ मध्येच दाखवून दिली होती. आम्ही ते वाढवतो, वाळवतो आणि बांधीत टाकतो. ॲझोला या पाण्यावर तरंगणाऱ्या नेच्याच्या पानांतही त्याच कुळातला जीव राहतो.

तुमच्या टाकीत वाळूवर आणि दगडांवर लालसर-जांभळा थर येतो, त्याला ‘लाल शेवाळ’ म्हणतात असे वाचले. तो याच निळ्या-हिरव्यांचा भाऊबंद आहे, फक्त रंगद्रव्य वेगळे. आणि शास्त्रज्ञ आता या सगळ्या कुळाला शैवलांत न धरता जीवाणूंत धरतात. म्हणजे आमच्या खताच्या नावातले शेवाळ आणि तुमच्या उपद्रवाच्या नावातले शेवाळ, दोन्ही काटेकोरपणे पाहता शेवाळ नाहीत. एरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक त्या लाल थरावर चालते आणि हिरव्या केसाळ शेवाळावर चालत नाही, यातच काय ते आले. अर्थात ते औषध टाकीतल्या उपयोगी जीवाणूंनाही इजा करू शकते, म्हणून ते अगदी शेवटीच काढावे.

उत्तर ३ (लोणार परिसर, जि. बुलढाणा)

वरील मुद्द्याला आमच्या सरोवराची जोड देतो. जून २०२० मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा ‘लाल शेवाळ आले’ असे सर्रास बोलले गेले. पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून तो रंग हॅलोआर्किया या मीठप्रिय सूक्ष्मजीवांचा असल्याचे सांगितले, आणि हे जीव शैवलही नव्हेत, जीवाणूही नव्हेत. पाण्याचा रंग बदलला की जिभेवर शेवाळ येते, ही आपली जुनी सवय आहे.

उत्तर ४ (संत्रा बागायतदार, वरूड)

दादा, शब्दाचे तुम्ही बघा, मी उपाय सुचवतो. बागेला बोर्डो मिश्रण करताना १०० लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना घेतो. शेततळ्यातले शेवाळही मोरचुदाने जाते. टाकीत चिमूटभर टाकून पाहावे.

मूळ प्रश्नकर्ता

काका, कृपा करून हा उपाय कोणीही करू नये. मोरचूद म्हणजे तांबे. शेवाळ त्याने मरेलही, पण गोगलगायी, झिंगे आणि प्रवाळही त्याच्याबरोबर जातील, आणि तांबे दगडात व वाळूत बसून राहिल्यामुळे पुढे नवे प्रवाळ टाकतानाही धास्ती राहील. शिवाय यात एक गंमत आहे, आणि ती शब्दाचीच आहे. प्रवाळाच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवल राहते, आणि सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून ते प्रवाळाला खाऊ घालते. समुद्र तापला की प्रवाळ पांढरे पडतात, ते हे भाडेकरू निघून गेल्यामुळे. हे भाडेकरूही डायनोफ्लॅजेलेटच असतात, म्हणजे दिवाळीत आमची वाळू झाकणाऱ्या उपद्रवाचे सख्खे नातेवाईक. ‘टाकीतले सगळे शेवाळ मारा’ असे मी लिहिले असते, तर त्याचा शब्दशः अर्थ ‘प्रवाळ मारा’ असा झाला असता.

उत्तर ५ (शेतकरी महिला, तेल्हारा तालुका, जि. अकोला)

भाऊ, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तुमच्याच वावरात आहे. पऱ्हाटीत आपण निंदण काढतो, डवरणी करतो. सोयाबीनच्या ओळीत गेल्या वर्षीची सांडलेली तूर उगवली, तर ती तूर असूनही निंदणातच जाते. तण ही काही झाडाची जात नव्हे, जागा चुकलेल्या झाडाला ते नाव पडते. तेव्हा टाकीत जे नको आहे त्याला ‘तण’ म्हणावे, आणि फोड करायची झाल्यास ‘तणशेवाळ’. ‘उपद्रवी शेवाळ’ हा शब्द सरकारी परिपत्रकासारखा वाटतो, तो तोंडात बसत नाही. आणि काढण्याच्या कामाला ‘निंदण’ हाच शब्द चालवावा, कारण या हिरव्या केसाळ जातीला दगडावरून बोटांनी उपटावेच लागते, असे तुम्हीही मान्य कराल.

मूळ प्रश्नकर्ता

ताई, ‘तणशेवाळ’ मी घेतला. पुतण्यालाही तो ऐकताक्षणी पटला. त्याच्या टाकीतल्या एका कोपऱ्यातल्या कप्प्यात केटोमॉर्फा नावाचे गुंतवळासारखे हिरवे शैवल मुद्दाम वाढवलेले आहे. ते नायट्रेट आणि फॉस्फेट खाऊन मोठे होते, मग त्यातले थोडे कापून बाहेर काढले, की तेवढे खत टाकीबाहेर जाते. हे त्याचे पीक आहे. त्याच जातीचा एखादा धागा मुख्य टाकीत शिरला, तर तो तण. दगडांवर चढणारे गुलाबी-जांभळे, चुन्यासारखे कडक शैवलही त्याला हवेसे असते. त्याला आम्ही ‘चुनेरी शैवल’ म्हणतो, आणि ते पसरू लागले, की टाकी स्थिरावली असे समजतो.

राहता राहिली नावे. घरात आम्ही बोलताना जी वापरू लागलो आहोत ती येथे तपासायला ठेवतो. हिरव्या लांब धाग्यांना ‘झिपऱ्या’. त्या उपटाव्यात, खाद्य आवरावे, आणि टर्बो किंवा ट्रोकस जातीच्या गोगलगायींना उरलेले चरू द्यावे. लाल थराला ‘साय’, कारण ती खरोखर सायीसारखी अखंड उचलली जाते आणि नळीने ओढून घेता येते. साय धरली, म्हणजे पाण्याचा प्रवाह मंदावला आहे काय ते आधी पाहावे. हिरव्या काचेच्या मण्यांसारखे जे येते ते व्हॅलोनिया, आणि त्यातला एकेक मणी म्हणजे एकच पेशी असते. त्याला ‘मणी’. तो नखाने फोडू नये, बुडासकट काढावा. वाळूवरच्या तपकिरी लोंबत्या जीवाला ‘शेंबूड’ म्हणतो. शिष्ट लेखनात हे नाव चालेल की नाही याची मला शंका आहे, पण ते एकदा ऐकले की ओळखण्यात चूक होत नाही, आणि ओळखण्यातली चूक आम्हाला महाग पडली आहे.

उत्तर १ देणारे शिक्षक, पुन्हा

‘शेंबूड’ ठेवावा. शिष्टपणापेक्षा नेमकेपणा महत्त्वाचा. पण नव्या टाकीत पहिल्या महिन्यात काचेवर तपकिरी भुकटी बसते, तिला आपण काय म्हणता? तीही तपकिरी आहे, म्हणून तिची आणि शेंबडाची गल्लत होईल.

मूळ प्रश्नकर्ता

ते डायाटम, सर. त्यांच्यासाठी मराठीत ‘करंडक’ हा शब्द घडवलेला आहे आणि तो मला फार आवडतो, कारण डायाटमच्या पेशीचे कवच करंड्यासारखेच असते: खाली डबी आणि वर तिच्यावर बसणारे झाकण, दोन्ही सिलिकाचे. हा सिलिका पाण्यातून येतो. आम्ही आधी कॅनचे पाणी वापरत होतो, आता घरच्या आरओनंतर आयन काढणारे राळेचे दाणे जोडले आहेत. हे दाणे थकू लागले, की जे पदार्थ सर्वांत आधी निसटतात त्यांत सिलिका असतो. म्हणून जुन्या टाकीत एकाएकी करंडक दिसू लागले, तर औषध शोधण्याआधी दाणे बदलावेत, आणि नव्या टाकीत ते दिसले तर काहीच न करता थांबावे. शेंबूड लोंबतो आणि बुडबुडे धरतो, करंडक मात्र बोटाने भुकटीसारखे पुसले जातात. एवढी खूण टिपणात लिहिली आहे.

उत्तर २ देणारे, पुन्हा

एक शंका. आमच्या गावात एकाने अशाच गोड्या पाण्याच्या टाकीतल्या हिरव्या धाग्यांना ‘बुरशी’ म्हटले आणि बुरशीचे औषध आणले. हे चूकच ना?

मूळ प्रश्नकर्ता

शब्द म्हणून चूकच आहे, बुरशी आणि शैवल यांचा काही संबंध नाही. मात्र समुद्री टाकीत ब्रायोप्सिस नावाचे, पिसासारख्या फांद्यांचे एक चिवट तणशेवाळ येते. गोगलगायी त्याला सहसा तोंड लावत नाहीत, आणि त्यावर फ्लुकोनॅझोल हे माणसांचे बुरशीनाशक औषध चालते. तेव्हा चुकीच्या शब्दाने एखाद्याचे काम साधलेही असते. ब्रायोप्सिसला आम्ही अजून नाव दिलेले नाही. पुतण्या ‘मोरपीस’ म्हणतो, पण मोरचुदाच्या इतक्या जवळचे नाव त्या टिपणात नको, असे मला वाटते. कोणाला दुसरे सुचल्यास लिहावे.

उत्तर ५ देणाऱ्या, पुन्हा

भाऊ, आमच्याकडे धुऱ्यावर आणि नाल्यात वाढणाऱ्या, कितीही तोडले तरी पुन्हा फुटणाऱ्या झुडपाला ‘बेशरम’ म्हणतात. तेच द्या.

मूळ प्रश्नकर्ता

दिले, ताई. टिपणात ब्रायोप्सिसपुढे ‘पाणबेशरम’ असे लिहिले आहे.